नोकरी सोडून कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला राजा

इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील एका नकाशेकाराने १८७४च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला, तेव्हा ती केवळ हौस होती. त्या काळी साहेबलोकांपैकी अनेकांना हा नाद होता. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. नकाशेकार लाला दीनदयाळ मात्र इतिहासात राहिले.

मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. छायाचित्रणाला उत्तेजन मिळाले ते महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि सर हेन्री डेली यांच्याकडून. तेव्हा हे काम सोपे नव्हते. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे. पुढे कोरड्या काचा आल्या, तरी जड लाकडी कॅमेरा आणि तिपाई सुटली नाही. एक काच वाया गेली की श्रम आणि पैसा दोन्ही बुडत. साहजिकच, काच खर्ची घालण्याआधी पुष्कळ पाहावे लागे.

१८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तूंचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील त्यांच्या चित्रांत खांब ताठ उभे दिसतात आणि कोरीव कामावरची सावली नेमकी उमटते. नकाशे काढणाऱ्याची शिस्तच तिथे कामी आली असावी. या दौऱ्यानंतर त्यांनी दीर्घ रजा घेतली आणि अखेर पेन्शनीची सरकारी नोकरी सोडली. घरसंसार असलेल्या चाळिशीतील माणसासाठी हा जुगारच होता!

हैदराबादचे सहावे निझाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले, पुढे 'राजा' हा किताबही दिला. सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला गेला, १८९६ मध्ये मुंबईतही. पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ होता आणि तो एक इंग्रज महिला सांभाळत असे. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाची राजमान्यता लाभली.

दरबार, शिकारी, मेजवान्या यांची चित्रे भरपूर आहेत. त्यांत कधी कधी मानकऱ्यांचा थाटच अधिक दिसतो. मात्र १९००च्या सुमारास औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) भागातील दुष्काळी कामेही त्यांच्या स्टुडिओने टिपली. त्याआधीच, १८८८ मध्ये, शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक बाजारात आला होता. बटण दाबून कॅमेरा कारखान्याकडे धाडला की काम झाले. दीनदयाळांचे काम मात्र काचेवरच चालू राहिले.

१९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत.