आर्थर विन

आर्थर विन (२२ जून, इ.स. १८७१ – १४ जानेवारी, इ.स. १९४५) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन पत्रकार आणि आधुनिक शब्दकोड्याचे जनक होते. न्यू यॉर्क वर्ल्ड या दैनिकाच्या २१ डिसेंबर, इ.स. १९१३ च्या रविवारच्या अंकात त्यांनी रचलेले कोडे छापून आले. आज जगभरच्या वृत्तपत्रांत येणाऱ्या शब्दकोड्यांची परंपरा सामान्यतः या कोड्यापासून मोजली जाते. या शोधाचे हक्क मात्र विन यांच्याकडे कधीच नव्हते.

== जीवन ==
विन यांचा जन्म लिव्हरपूल येथे झाला. त्यांचे वडील तेथील एका वृत्तपत्राचे संपादक होते. जून १८९१ मध्ये, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, विन अमेरिकेस गेले. पिट्सबर्ग येथे त्यांनी पिट्सबर्ग प्रेस या वृत्तपत्रात काम केले. ते व्हायोलिन वाजवीत आणि तेथील सिंफनी वाद्यवृंदातही त्यांनी वादन केले. पुढे ते न्यू जर्सीतील सीडर ग्रोव्ह येथे राहू लागले व न्यू यॉर्क वर्ल्डमध्ये रुजू झाले. हे दैनिक जोसेफ पुलित्झर यांनी नावारूपास आणले होते. त्याच्या रविवारच्या ‘फन’ (अर्थ: गंमत) नावाच्या पुरवणीची जबाबदारी विन यांच्याकडे होती. विनोद, चित्रे, कोडी असा मजकूर दर आठवड्यास जमविणे हे त्यांचे काम होते.

== पहिले कोडे ==
इ.स. १९१३ च्या नाताळच्या पुरवणीसाठी काही नवे द्यावे, या गरजेतून हे कोडे तयार झाले. आडवे व उभे वाचले असता तेच शब्द येतील अशी चौकटीतील शब्दरचना इंग्लंडमध्ये पूर्वीपासून प्रचलित होती आणि लहानपणापासून विन यांना ती परिचित होती. त्यांनी तिच्यात मूलभूत बदल केला. आडवे शब्द वेगळे आणि उभे शब्द वेगळे ठेवले, प्रत्येकासाठी सूचक वाक्य दिले आणि सोडविणाऱ्यास भरण्यासाठी रिकामी घरे छापली. आकृती हिऱ्याच्या आकाराची असून मध्यभाग मोकळा होता. काळी घरे तीत नव्हती. ती नंतरच्या कोड्यांत आली. सुरुवातीचा शब्द म्हणून पुरवणीचे नावच भरून दिलेले होते. कोड्याला त्यांनी ‘वर्ड-क्रॉस’ असे नाव दिले होते. काही आठवड्यांतच छपाईतील उलटापालटीमुळे ते ‘क्रॉस-वर्ड’ झाले आणि तेच रूढ झाले.

आजच्या निकषांवर हे पहिले कोडे सदोष ठरेल. ‘डव्ह’ (कबुतर) हा शब्द त्यात दोनदा आला आहे, एकदा पक्षी आणि एकदा कबुतर अशा सूचनेखाली. बऱ्याच सूचना अगदी सोप्या आहेत, तर काही शब्द सामान्य वाचकास ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. गोमुती नावाच्या ताडाचा धागा या सूचनेचे उत्तर ‘डोह’ असे होते, तर मुठीसाठी ‘नीफ’ हा जुना शब्द योजला होता. सुगंधी वनस्पती या सूचनेचे उत्तर ‘नार्ड’, म्हणजे भारतीयांच्या परिचयाची जटामांसी, असे होते. या नावाचा संबंध संस्कृत ‘नलद’ या शब्दाशी जोडला जातो. असे शब्द अडले की ते छेदणाऱ्या शब्दांवरून एकेक अक्षर मिळवीत जाणे, नाहीतर शब्दकोश उघडणे किंवा कोणालातरी विचारणे, एवढेच मार्ग उरत. शब्दकोडे सोडविताना दुसऱ्याची मदत घेण्याची रीत पहिल्या कोड्याइतकीच जुनी म्हणावी लागेल.

== प्रतिसाद व संपादन ==
कोडे वाचकांना आवडले. लवकरच वाचक स्वतः रचलेली कोडी पाठवू लागले व विन ती छापू लागले. छापखान्यातील जुळाऱ्यांना मात्र हे काम त्रासाचे वाटे. घरांचे क्रमांक चुकत, सूचना गळत आणि आकृती बिघडे. सदर बंद करण्याचा प्रयत्न वाचकांच्या तक्रारींमुळे सोडून द्यावा लागला.

कोड्याचे स्वामित्वहक्क घ्यावेत असे विन यांनी सुचविले होते, परंतु व्यवस्थापनाने ते मनावर घेतले नाही, असे सांगितले जाते. परिणामी कोणत्याही वृत्तपत्रास ही कल्पना विनामूल्य वापरता आली. तिचा प्रसार झपाट्याने होण्यास हे निश्चितच कारणीभूत ठरले, पण त्याची किंमत विन यांना मोजावी लागली.

इ.स. १९२१ पासून कोड्यांचे काम मार्गारेट पेथरब्रिज (विवाहानंतर फरार, १८९७–१९८४) या तरुण सहायिकेकडे आले. प्रारंभी त्या कोडी न तपासताच छापखान्यात पाठवीत. स्तंभलेखक फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स चुका वारंवार त्यांच्या नजरेस आणून देत. अखेर त्यांनी एक कोडे स्वतः सोडवून पाहिले, तेव्हा वाचकांच्या हालांची त्यांना कल्पना आली. त्यानंतर प्रत्येक कोडे आधी सोडवून पाहण्याचा नियम त्यांनी घातला व रचनेचे दंडकही हळूहळू ठरविले. कल्पना विन यांची असली तरी तिला शिस्त लावण्याचे श्रेय पेथरब्रिज यांच्याकडे जाते.

== शब्दकोड्यांची लाट ==
इ.स. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशनसंस्थेने वर्ल्डमधील कोड्यांचे पुस्तक काढले. प्रत्येक प्रतीस पेन्सिल जोडलेली होती. पुस्तक फसेल या भीतीने प्रकाशकांनी त्यावर आपले नावही घातले नव्हते. प्रत्यक्षात वर्षभरात त्याच्या व पुढील भागांच्या लाखो प्रती खपल्या. शब्दकोशांना अचानक मागणी आली. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने प्रवाशांसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले, तर न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने कोडी सोडविणाऱ्यांची कोशांभोवती होणारी गर्दी अभ्यासकांच्या आड येते, अशी तक्रार नोंदविली. न्यू यॉर्क टाइम्सने या छंदाची वेळेचा अपव्यय म्हणून संभावना केली. त्याच दैनिकाने १५ फेब्रुवारी, इ.स. १९४२ पासून स्वतःचे कोडे सुरू केले आणि त्यासाठी संपादक म्हणून फरार यांनाच नेमले. ब्रिटनमध्ये संडे एक्सप्रेसने १९२४ मध्ये, तर लंडनच्या द टाइम्सने १ फेब्रुवारी, इ.स. १९३० रोजी शब्दकोडे छापण्यास प्रारंभ केला.

== अखेरची वर्षे ==
विन यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. ज्या दैनिकात त्यांचे कोडे जन्मास आले ते न्यू यॉर्क वर्ल्ड इ.स. १९३१ मध्ये बंद पडले. १४ जानेवारी, इ.स. १९४५ रोजी फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे विन यांचे निधन झाले.

== भारतात व मराठीत ==
विन यांच्या कोड्याचा एक फाटा भारतात न्यायालयापर्यंत गेला. प्रवेशशुल्क घेऊन मोठी बक्षिसे देणाऱ्या शब्दकोडे स्पर्धा स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात फोफावल्या होत्या. त्यांतील सूचनांना एकाहून अधिक उत्तरे लागू पडत आणि योग्य उत्तर कोणते हे आयोजकांनी आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेले असे. त्यामुळे कोश, अनुभव किंवा जाणकाराचा सल्ला यांचा उपयोग संपून निकाल नशिबावर जाई. बंगळूरहून चालणाऱ्या अशाच एका स्पर्धेवर तत्कालीन मुंबई राज्याने कर लावला. त्यावरील मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९५७ मध्ये असा निर्णय दिला की जुगार हा व्यापार नसून त्याला व्यवसायस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही. इ.स. १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याचे निर्बंधही केवळ जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू होतात, कौशल्याच्या स्पर्धांना नाही, असे न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले.

पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई आदी ठिकाणी वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकांत बक्षिसाविना येणारे शब्दकोडे हे परिचित सदर आहे. देवनागरीमुळे त्याचे स्वरूप इंग्रजी कोड्याहून वेगळे झाले. येथे एका घरात एकटे व्यंजन न येता काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर येते. जोडाक्षरही एकाच घरात मावते. ‘कागद’ हा शब्द तीनच घरे घेतो. शब्द आखूड होतात, पण छेदणारे अक्षर स्वरचिन्हासह तंतोतंत जुळावे लागत असल्याने रचनाकाराचे काम कठीण होते. सोडविणाऱ्यास मात्र मिळालेले एक अक्षर बरेच काही सांगून जाते. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येथे वारंवार उभा राहतो. इ.स. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनेक शब्दांची रूपे बदलल्यामुळे जुन्या कोशातील रूप कधीकधी चौकटीत बसत नाही.

मराठीत अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी संपादिलेला सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९३८) हे मोठे आधार आहेत. तथापि दोन्ही आद्याक्षरानुसार लावलेले आहेत. तीन घरांपैकी मधले ‘ग’ एवढेच हाती असेल, तर नगर, सागर, मगर, कागद, जागर यांपैकी काय हवे हे शोधण्यासाठी कोश ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत चाळावा लागेल. अशा वेळी कोशापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाची स्मृती अधिक लवकर कामास येते.