पॅट्रिक गेडेस

सर पॅट्रिक गेडेस (२ ऑक्टोबर १८५४ – १७ एप्रिल १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व नगररचनाकार होते. शहर हे सजीवाप्रमाणे वाढत जाते, हा विचार त्यांनी नगररचनेत रुजवला. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होत.

जीवन

गेडेस यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. लंडनमध्ये त्यांनी थॉमस हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्राचा अभ्यास केला. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांना काही काळ अंधत्व आले. त्यानंतर सूक्ष्मदर्शकावरील काम अवघड झाल्याने ते समाजाच्या अभ्यासाकडे वळले. १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एडिनबरोच्या जुन्या, दाट वस्तीत राहून या दांपत्याने तेथील घरांची सुधारणा केली. १८८८ ते १९१९ या काळात गेडेस डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

नगरविषयक विचार

‘सिटीज इन इव्होल्यूशन’ (१९१५) या ग्रंथात गेडेस यांनी लंडनच्या अनियमित विस्ताराची तुलना प्रवाळभित्तीच्या वाढीशी केली. वाढत वाढत एकमेकांत मिसळलेल्या शहरांच्या समूहासाठी त्यांनी ‘कॉनर्बेशन’ ही संज्ञा रूढ केली.

भारतातील कार्य

१९१४ मध्ये गेडेस यांचे नगरविषयक प्रदर्शन भारताकडे नेणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. नव्याने साहित्य जमवून ते मद्रासमध्ये भरवण्यात आले. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक भारतीय शहरांची पायी पाहणी करून अहवाल लिहिले. जुन्या वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. अशा पाडकामाने खर्च वाढतो आणि बेघर झालेले लोक शेजारच्या वस्त्यांत अधिक दाटीने राहू लागतात, असे त्यांचे मत होते. त्याऐवजी मोजकीच मोडकळीस आलेली घरे काढून चौक मोकळे करावेत, विहिरी व तलाव जपावेत आणि झाडे लावावीत, असे त्यांनी सुचवले. इंदूरचा अहवाल (१९१८) यासाठी प्रसिद्ध आहे. १९१७ मध्ये त्यांचा मुलगा महायुद्धात मारला गेला आणि त्याच वर्षी पत्नीचे भारतात निधन झाले. तरीही त्यांनी काम थांबवले नाही.

१९१९ ते १९२४ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठात अध्यापन केले. त्यांच्यानंतर गो. स. घुर्ये यांनी विभागाची धुरा सांभाळली.

अखेर व वारसा

१९२५ मध्ये गेडेस यांनी तेल अवीवचा आराखडा तयार केला. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी फ्रान्समधील माँपेल्ये येथे त्यांचे निधन झाले. पुढे मायकेल बॅटी व पॉल लाँगली यांनी ‘फ्रॅक्टल सिटीज’ (१९९४) या ग्रंथात शहरांच्या वाढीतील स्वसदृश आकृतिबंधांची गणिती मांडणी केली. गेडेस यांच्याकडे असे गणित नव्हते. मात्र वरून अव्यवस्थित भासणाऱ्या शहरालाही स्वतःची रचना असते, हे त्यांनी निरीक्षणातून ओळखले होते.