सोंगाड्या आणि सत्ता

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी विचारले, सिनेनटांनी राजकारणावर प्रभाव पाडल्याची उदाहरणे कोणती? कोणी एम. जी. रामचंद्रन यांचे नाव घेतले, कोणी एन. टी. रामाराव यांचे. मी दादा कोंडके म्हणाले आणि सारा वर्ग हसला. मुलीने हे नाव घ्यावे याचेच पुष्कळांना नवल वाटले असावे! सरांनी मात्र लिहून आणायला सांगितले. म्हणून हा लेखप्रपंच.

कृष्णा कोंडके यांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईत, गिरणी कामगाराच्या घरी झाला. गिरणगावच्या चाळींत ते वाढले. अपना बाजारात नोकरी करावी, बँडमध्ये वाजवावे, सेवा दलाच्या कलापथकात काम करावे, असे त्यांचे तरुणपण गेले. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातील हवालदाराने त्यांना महाराष्ट्रभर नेले. या वगात वशिल्याचा माणूस कोतवाल होतो आणि हवालदार मागेच राहतो. पोट धरून हसणाऱ्या प्रेक्षकाला आपले तालुक्याचे कचेरीराज त्यात दिसत असे.

1969 साली भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून ते पडद्यावर आले. 1971 साली त्यांचा स्वतःचा 'सोंगाड्या' तयार झाला. पण दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्याला जागा मिळेना. तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांची शिवसेना मदतीला धावली आणि चित्रपट लागला. मराठी माणसाचा हक्क ही गोष्ट तिकिटाच्या खिडकीवर सर्वांना समजली. पुढे दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाची आठवण देणारे एका चित्रपटाचे नाव बदलावे लागले आणि 1977 साली तो 'राम राम गंगाराम' म्हणून आला. सत्ता विनोदालाही भिते, ती अशी!

दादांनी ते ऋण विसरले नाही. मुंबईबाहेर पसरू पाहणाऱ्या शिवसेनेसाठी त्यांनी गावोगावी भाषणे केली. शहरातला पक्ष खेड्याच्या बोलीत बोलू लागला, त्यात त्यांचा वाटा होता. 1984 साली अमिताभ बच्चन आणि सुनील दत्त लोकसभेत गेले. दादा मात्र विधानसभेत वा संसदेत कधीच बसले नाहीत.

माझे आबाजी काटोलकडचे शेतमजूर. टुरिंग टॉकीजमध्ये जमिनीवर बसून त्यांनी दादांचे सिनेमे पाहिले. पुढे एका सभेला कोणी एक नट येणार म्हणून गावातली माणसे ट्रॅक्टरवर बसून गेली. नट आलाच नाही. उन्हात तीन तास भाषणे ऐकून आबाजी परत आले. त्या दिवसाची मजुरी बुडाली. मी विचारले, मग मत कोणाला दिले? ते हसले आणि म्हणाले की हसणे उघड असते, मत झाकलेले असते.

त्या उत्तराने माझा विचार बदलला. नट गर्दी जमवू शकतो. गर्दीचे मत त्याच्या खिशात नसते. पण ज्यांच्याशी कोणी त्यांच्या भाषेत बोलत नाही, त्यांना तो सभेपर्यंत आणतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. एक प्रश्न मात्र उरतोच. 1995 साली शिवसेना-भाजप युती राज्यात सत्तेवर आली. सोंगाड्याचे काम राजाला हसण्याचे. राजा आपल्याच माणसांचा झाला तर सोंगाड्याने काय करावे?

14 मार्च 1998 रोजी दादा गेले. पाचच दिवसांनी, 19 मार्चला, दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला; शिवसेना त्यात सहभागी होती. ते पाहायला दादा नव्हते.

आमच्या घरात पुस्तके नव्हती. राजा, प्रधान आणि वशिला आबाजींना पडद्याने शिकवला. ज्याने आबाजींना सत्तेकडे पाहून हसायला शिकविले, त्याचे नाव राज्यशास्त्राच्या वर्गात घेताना मी पुन्हा लाजणार नाही.