750 पैकी 282



मार्चच्या अखेरीस आमच्या चँडलरमध्ये हवा छान असते. लिंबू-संत्र्यांच्या झाडांना फुलं आलेली असतात, वाळवंटातला उन्हाळा अजून महिनाभर लांब असतो. पण ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे, त्यांना या हवेचं काही सुख नसतं. कॉलेजांचे निकाल याच दिवसांत येतात. यंदा आमच्याही घरी आले. लेकीनं अकरा ठिकाणी अर्ज केले होते, त्यातल्या सात ठिकाणांहून नकार. सॅटमध्ये 1600 पैकी 1540 गुण, शाळेतले ग्रेड उत्तम, तरीही नकार!

माझं डोकं फिरलं. मी पडलो आपल्याकडचा, मेरिट लिस्टवर वाढलेला. भिंतीवर यादी लागते, मार्क जास्त तो वर, मार्क कमी तो खाली, विषय संपला. इथे निबंध बघतात, शिफारसपत्रं बघतात, घरची परिस्थिती बघतात. मग मार्क कशाला घेता, असं मी जेवताना दोन दिवस बडबडत होतो. तिसऱ्या दिवशी लेक शांतपणे म्हणाली की बाबा, आंबेडकरांना मॅट्रिकला किती मार्क होते, माहीत आहे का? तिला रविवारच्या मराठी शाळेत 14 एप्रिलसाठी पाच मिनिटं बोलायचं होतं, त्याची तयारी चालली होती. मला उत्तर माहीत नव्हतं. तिनंच सांगितलं, 750 पैकी 282.

म्हणजे साडेसदतीस टक्के. मी गप्प बसलो. मग तिच्या भाषणाच्या निमित्तानं मीही वाचायला बसलो. बाबासाहेबांचं चरित्र आपल्याला तसं ठाऊक असतं, पण या एका आकड्याच्या बाजूनं मी ते कधी पाहिलं नव्हतं.

जन्म 14 एप्रिल 1891, महू इथला. वडील रामजी सकपाळ लष्करातले सुभेदार. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावाचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण वर्गात बसायला गोणपाट, तेही घरून आणायचं आणि घरी न्यायचं. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं, शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. पुढे कुटुंब मुंबईला आलं, परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागलं. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथंच झोपणं, तिथंच अभ्यास. मुलानं लवकर झोपायचं आणि वडिलांनी रात्री दोनला उठवायचं, मग दिव्याच्या उजेडात वाचायचं. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा गुरुजींनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तर वर्गात आरडाओरडा झाला. कारण फळ्यामागे मुलांचे डबे ठेवले होते, ते बाटतील! संस्कृत शिकायची इच्छा होती, ते शिकवायला नकार मिळाला म्हणून फारसी घ्यावी लागली.

अशा परिस्थितीत 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. तेव्हाची मॅट्रिक म्हणजे मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षाच. आता विचार करा, त्या 282 मध्ये काय मोजलं गेलं? बुद्धी मोजली गेली, की परळची खोली, रात्रीचा दिवा आणि नाकारलेलं संस्कृतही त्यात मिसळलं होतं? उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला खोली दिसत नव्हती. त्याचा दोष नाही, कागदावर जे होतं त्याचेच गुण त्यानं दिले.

पण त्याच मुलाला दुसऱ्या मापानं मोजणारी माणसंही मुंबईत होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत वाचायला जात. हा मुलगाही तिथं पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं द्यायला सुरुवात केली. मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे शिक्षण अडतंय असं दिसलं, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाला बोलावून काही प्रश्न विचारले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात मुल्लर नावाचे प्राध्यापक त्याला पुस्तकं आणि कपडेही देत असत. गुणपत्रिकेत न दिसणारं काहीतरी या लोकांना दिसलं होतं. आजच्या अमेरिकन भाषेत सांगायचं तर एकाचं शिफारसपत्र, दुसऱ्यानं घेतलेली मुलाखत आणि वर स्कॉलरशिप!

बी.ए. झाल्यावर 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर 10 वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. इथे त्यांना कोणी वेगळं बसवलं नाही. ग्रंथालय उघडं होतं, प्राध्यापक बोलत होते. तीन वर्षांत त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. 1915 मध्ये एम.ए. झाले. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तो आजही अभ्यासला जातो. त्यांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहून शिफारस केली आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं दार उघडलं.

मुलगा तोच होता. 1907 ते 1916, मधे फक्त नऊ वर्षं. बदलली होती ती त्याच्याभोवतीची परिस्थिती.

आता कोणी म्हणेल, म्हणजे बाबासाहेबांना परीक्षा, दर्जा वगैरे नकोच होतं का? अजिबात नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. 1920 मध्ये साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. कष्टाला आणि कसोटीला ते कधी घाबरले नाहीत.

आणि नुसत्या गुणवत्तेनं सगळं मिळतं म्हणणाऱ्यांनी 1917 चं बडोदं आठवावं. कोलंबियाचं शिक्षण घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही बाहेर काढलं गेलं. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकत. मार्क होते, पदवी होती, पण लोकांच्या हातातली मोजपट्टी निराळीच होती.

पुढे हाच प्रश्न त्यांच्यासमोर कायदामंत्री म्हणून आला, आणि तोही नेमका कॉलेज प्रवेशाचा. मद्रास राज्यात मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा समाजांनुसार वाटल्या जात. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 1951 मध्ये ती पद्धत रद्द ठरवली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, 15(4) हे कलम आलं आणि मागासांसाठी प्रवेशात विशेष तरतूद करायला राज्यांना आधार मिळाला. संसदेत बाबासाहेबांनी या दुरुस्तीची बाजू मांडली. त्याआधीच, 1945 मध्ये, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं होतं. तिथे सकाळचे वर्ग होते, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलालाही शिकता यावं. प्रवेशाच्या दारात उभं राहून कोण हुशार हे मोजण्याआधी, दारापर्यंत कोण पोचू शकतं याचा विचार त्यांनी केला.

6 डिसेंबर 1956 रोजी ते गेले. त्याआधी चार वर्षं, 1952 मध्ये, कोलंबियानं त्यांना बोलावून मानद पदवी दिली होती. 282 मार्कांच्या मुलाला!

इथवर वाचून झाल्यावर मला लेकीचे निकाल आठवले नाहीत, माझ्या इंजिनिअरिंगचा एक वर्गमित्र आठवला. तो राखीव जागेवर आला होता. आमची यादी भिंतीवर लागली तेव्हा त्याचे मार्क सगळ्यांनी पाहिले होते आणि चार वर्षं आम्ही ते त्याला विसरू दिले नाहीत. मीही त्यात होतो. तो गावाकडून आलेला, घरात पहिला शिकणारा, सुट्टीत मजुरीला जाणारा, हे मला माहीत होतं. पण माझ्यासाठी तो म्हणजे त्याचे मार्क. शेवटच्या वर्षी तो माझ्या पुढे होता, तेव्हाही मी त्याला नशीबवानच म्हणालो होतो. मला मात्र स्वतंत्र खोली होती, क्लासची फी होती, दूध घेऊन येणारी आई होती. हे सगळं माझ्याही मार्कांत मिसळलेलं आहे, हे कळायला मला चँडलरला यावं लागलं आणि लेकीच्या नकारांनी ठेच लागावी लागली.

त्याचा नंबर शोधून मी गेल्या शनिवारी फोन केला. माफी मागायची असं ठरवलं होतं, ती नीट जमली नाही. तो मोकळेपणानं बोलला. पाटबंधारे खात्यातून पुढच्या वर्षी निवृत्त होतोय म्हणाला. जुन्या गोष्टी आठवतात का, असं विचारलं तर जरा थांबून म्हणाला की आठवतात. एवढंच. मग त्यानं लेकीची चौकशी केली.

लेक शेजारच्या टेंपीच्या अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत जाणार आहे. नकार येईपर्यंत आमच्या मंडळींत मी या विद्यापीठाला सगळ्यांना घेणारं म्हणून हिणवायचो. आता तिच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं, त्यांच्या सनदेतच लिहिलंय की आपण किती जणांना नाकारतो यावर नाही, तर कोणाला घेतो आणि ते कसे यशस्वी होतात यावर आमचं मोजमाप करा. वाचून मी लेकीकडे पाहिलं. ती हसली, काही बोलली नाही.

तिचं पाच मिनिटांचं भाषण रविवारी आहे. मराठी थोडं अडखळतं, पण आकडा तिनं पाठ केलाय.