हान्स सेली : ‘ताण’ ओळखणारा वैद्य

मध्य प्रदेशातील सौसर-पांढुर्ण्याच्या संत्रापट्ट्यात, बोरगावकडे, ताण हा शेतकऱ्याचा शब्द आहे. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा; नंतर पाणी सोडले की बहर फुटतो. प्राण्यांच्या देहात मात्र लांबलेला ताण प्रजननाची वाटच अडवतो. उंदरांवरील प्रयोगांतून हे आरंभीच टिपणाऱ्यांत हान्स सेली यांचे नाव ठळक आहे.

सेली १९०७ साली व्हिएन्नात जन्मले. वडील लष्करी शल्यवैद्य. प्रागमध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते अमेरिकेमार्गे १९३२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आले. तेथे बीजाशयातील नवे संप्रेरक शोधण्यासाठी ते उंदरांना बीजाशयाचा अर्क टोचत. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक हाती लागले, असे तिशीच्या आतल्या संशोधकाला वाटणे साहजिकच होते. पुढे त्यांनी नुसते फॉर्मालिन टोचले, तर तीच तीन लक्षणे दिसली! संप्रेरकाचे स्वप्न तेथेच संपले. पण थंडी, इजा, अतिश्रम या साऱ्यांना देह एकाच पद्धतीने तोंड देतो, हे त्या अपयशातूनच उमगले. १९३६ मध्ये ‘नेचर’ने त्यांचे छोटेसे पत्र छापले. संकट लांबले की प्रजननग्रंथी क्षीण होतात आणि दुभत्या मादीचे दूध आटते, ही त्यातली नोंद फारशी कोणी आठवत नाही. पान्हा चोरणारी गाय पाहिलेल्यांना तिचे नवल वाटू नये.

१९४१ मध्ये त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. प्रोजेस्टेरॉन हे गर्भधारणेचे संप्रेरक मोठ्या मात्रेत दिल्यास उंदीर भूल दिल्यासारखे निश्चेष्ट पडत. संप्रेरक भूल देते, तसे भुलीचे औषध संप्रेरकांनाही अडवते. हा दुसरा धागा अमेरिकेत एव्हरेट आणि सॉयर यांनी १९५० मध्ये उलगडला : बीज सुटण्याचा संदेश उंदरिणीच्या मेंदूतून ठरावीक दुपारी दोन ते चारच्या सुमारास निघतो, आणि नेमक्या त्या वेळी गुंगीचे औषध दिल्यास बीजोत्सर्ग पूर्ण एक दिवस पुढे जातो. म्हणूनच प्रयोगशाळेत उंदीर कसा हाताळला, भूल केव्हा दिली, याची नोंद नसेल तर संप्रेरकांच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

१९४५ पासून सेली मॉन्ट्रियल विद्यापीठात संस्थाप्रमुख होते. नोबेलसाठी अनेकदा नाव जाऊनही तो मान त्यांना लाभला नाही. तंबाखू कंपन्यांकडून त्यांनी पैसा घेतला, हा डाग मात्र कीर्तीला चिकटला. १९८२ मध्ये मॉन्ट्रियलमध्येच त्यांचे निधन झाले.