प्रश्नांना उत्तर देणारा प्राध्यापक

कर्वे म्हटले की आपल्याला प्रथम आठवतात ते महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी झिजलेल्या या पित्याला १९५८ साली भारतरत्न मिळाले. त्यांच्या थोरल्या मुलाच्या, रघुनाथच्या वाट्याला मात्र कोर्टकचेऱ्या आणि दंड आले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. १८९९ साली ते मॅट्रिकला पहिले आले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली, १९१९ मध्ये गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिस गाठले आणि परतल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवू लागले.

वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायका त्यांना दिसत होत्या. हा दैवाचा भाग नसून अज्ञानाचा आहे, अशी त्यांची खात्री झाली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनीही असे केंद्र उघडले होते. कॉलेजच्या चालकांना प्राध्यापकाचा हा उद्योग रुचला नाही. हे कार्य किंवा नोकरी, यांतून एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाईंनी त्यांना साथ दिली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. ज्या शंका घरात विचारता येत नसत आणि डॉक्टरपुढेही ओठांवर येत नसत, त्या वाचक या मासिकाला कळवीत. कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तर देत. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांना दिलेली उत्तरेच अश्लील ठरविली गेली. त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लोक लैंगिक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला; मासिक मात्र थांबले नाही. इकडे म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाचा सल्ला देण्याचे ठरविले होते, हे आपल्या कन्नड मित्रांनी अभिमानाने सांगावे.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी, मासिक चालवीत असतानाच, कर्वे वारले.

त्यांची सगळीच मते आज पटतील असे नाही. सुप्रजननाविषयीच्या त्या काळच्या काही कल्पना शास्त्राने टाकून दिल्या आहेत. पण मूल हवे की नको, केव्हा हवे, हे ज्याचे त्याने ठरवावे आणि ठरविण्यापूर्वी त्याला खरी माहिती मिळावी, हा त्यांचा आग्रह जुना झालेला नाही. आज माहिती हातातल्या फोनवर येते. तिच्यातले खरेखोटे पारखायचे कसे, हा प्रश्न मात्र उरतोच. मित्रहो, तो विचारायला लाजू नका. आणि गुरुजनहो, विद्यार्थ्याने विचारले तर त्याला गप्प बसवू नका. गणिताच्या या प्राध्यापकाने त्यासाठी आपली नोकरी गमावली होती.