फुटबॉल लीगचे जनक विल्यम मॅकग्रेगर

इंग्लंडात बर्मिंगहॅम म्हणून कारखान्यांचे एक मोठे शहर आहे. त्या शहरालगत हँड्सवर्थ येथे वेस्लियन मेथॉडिस्ट मंडळीचे एक लहानसे उपासनामंदिर होते व तेथे तरुणांचा पवित्र शास्त्राचा वर्ग चालत असे. हे तरुण उन्हाळ्यात क्रिकेट खेळत. परंतु हिवाळा लागला म्हणजे तो खेळ बंद पडे आणि संध्याकाळी कोठे बसावे हा प्रश्न उभा राही. दारूचे गुत्ते तर पावलोपावली होते. तेव्हा 1874 साली जॅक ह्यूज, फ्रेडरिक मॅथ्यूज, वॉल्टर प्राइस व विल्यम स्कॅटरगुड या चौघांनी हिवाळ्यात फुटबॉल खेळण्यासाठी एक क्लब काढण्याचे ठरविले. मंदिराच्या नावावरून त्या क्लबास अ‍ॅस्टन व्हिला हे नाव मिळाले. त्यांच्या पहिल्या सामन्याची हकिकत ऐकून वाचकांस हसू येईल. प्रतिपक्षास चेंडू हातात घेऊन पळण्याची रग्बीची रीत ठाऊक, तर यांस पायाने खेळावयाचे. अखेर अर्धा वेळ त्यांच्या रीतीने व अर्धा वेळ यांच्या रीतीने खेळावे असा तोडगा निघाला, आणि व्हिलाने एका गोलाने सामना जिंकला.

ज्यांचे चरित्र आम्ही आज सांगत आहो ते विल्यम मॅकग्रेगर या चौघांपैकी नव्हते. ते 1846 साली स्कॉटलंडातील पर्थशायर परगण्यात ब्रेको नावाच्या खेड्यात जन्मले. लहानपणी तेथे कामास आलेल्या बाहेरगावच्या गवंड्यांचा गावकऱ्यांशी झालेला चेंडूचा सामना त्यांनी पाहिला, तेव्हापासून त्यांस या खेळाची गोडी लागली. पुढे ते पर्थ शहरी कापडाचा धंदा शिकले व 1870 साली आपल्या भावापाठोपाठ बर्मिंगहॅमास येऊन त्यांनी कापडाचे दुकान घातले. दारूला ते शिवत नसत. काँग्रिगेशनल मंडळीच्या व्हीलर स्ट्रीट येथील मंदिरात त्यांनी पुष्कळ वर्षे नेमाने उपासना केली. 1877 साली ते व्हिला क्लबाच्या कामात पडले. क्लबात काही स्कॉच खेळाडू होते, क्लबाचा मंदिराशी संबंध होता आणि त्यांचा खेळही पाहण्यासारखा होता, या तीन गोष्टींनी त्यांचे मन ओढले. स्वतः ते नामांकित खेळाडू नव्हते. हिशेब पाहणे, पत्रे लिहिणे, बैठकी भरविणे, भांडणे मिटविणे, ही कामे त्यांनी उचलली. आणि ज्या मंडळीत अशी कामे करणारा कोणी नसतो तिचे काय होते हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको.

मंडळीच्या पत्रात खेळाची गोष्ट कशासाठी, असे काही वडील मंडळी विचारतील. आमच्या वऱ्हाडात गावोगाव तरुण हुतूतू व आट्यापाट्या खेळतात. अमरावतीस 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, त्याची कीर्ती तर परदेशी गेली. आमची मुले बाहेर जाऊन खेळतात तेव्हा आम्ही त्यांस दोष देतो, आणि मंदिराच्या आवारात खेळू लागली म्हणजे हाकलून देतो. मग त्यांनी जावे कोठे? बोल्टन या गावी 1874 साली ख्राइस्ट चर्चच्या शाब्बाथशाळेने असाच एक क्लब काढला होता. आपल्या गैरहजेरीत एकही बैठक भरू नये असा तेथील पाळकांचा आग्रह पडला. 1877 साली तरुण उठून निघून गेले आणि त्यांनी निराळ्या नावाने क्लब चालविला. आम्ही पाळकांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

आता मॅकग्रेगर यांच्या मुख्य कार्याकडे वळू. 1885 साली खेळाडूंस वेतन देण्याची परवानगी मिळाली. वेतन द्यावयाचे म्हणजे क्लबास नियमित प्राप्ती हवी, व ती सामना पाहावयास येणाऱ्या लोकांच्या तिकिटांवर अवलंबून होती. परंतु सामने ठरत ते केवळ तोंडी किंवा पत्राने. एखाद्या चषकाचा सामना मध्येच आला, अथवा दुसरीकडे अधिक प्राप्ती दिसली, की ठरलेला सामना मोडला जाई. कारखान्यातील मजुरास शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळे. तो आठवडाभर वाट पाहून मैदानावर येई, तर पाहुणा संघ आलेलाच नसे. आमच्या वाचकांस याचा अर्थ चांगला कळेल. पाळक अमुक वारी येणार म्हणून कापूस वेचणीचा रोज बुडवून बायामाणसे मंदिरात जमतात आणि पाळक येत नाहीत, असे आम्ही एकाहून अधिक गावी पाहिले आहे. दुसऱ्या वेळी निम्मी माणसे येतात, तिसऱ्या वेळी केवळ म्हातारी.

मॅकग्रेगर यांनी या रोगावर जो उपाय काढला तो इतका साधा होता की पूर्वी कोणास सुचला नाही याचेच नवल वाटते. 2 मार्च 1888 रोजी त्यांनी काही प्रमुख क्लबांस पत्र पाठविले. त्यात त्यांनी असे सुचविले की दहाबारा क्लबांनी एकत्र येऊन प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या व एकदा त्याच्या मैदानावर खेळावे, आणि एकदा ठरलेली तारीख कोणत्याही कारणास्तव मोडू नये. त्याच महिन्याच्या 23 तारखेस लंडनात व 17 एप्रिल रोजी मँचेस्टरात बैठकी झाल्या, आणि बारा क्लबांचा संघ स्थापन झाला. त्यास लीग हे नाव देणे मॅकग्रेगर यांस रुचले नाही. आयर्लंडात कुळांची लँड लीग म्हणून राजकीय चळवळ गाजत होती, तिच्याशी घोटाळा होईल अशी त्यांस भीती वाटली. बहुमताने तेच नाव ठरले, आणि त्यांनी ते मुकाट्याने मान्य करून काम पुढे चालविले.

त्या बारा गावांची नावे वाचताना आम्हांस एक गोष्ट विशेष वाटली. ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टन, बर्नली, अ‍ॅक्रिंग्टन ही पाच गावे लँकेशायरातील कापडगिरण्यांची. 1861 ते 1865 च्या दरम्यान अमेरिकेतील युद्धामुळे तिकडचा कापूस येईना व याच गिरण्यांचे मजूर उपाशी पडले, तेव्हा आमच्या वऱ्हाडच्या कापसास तिकडून मोठी मागणी आली. अकोला, अमरावती, खामगाव या पेठा त्या काळी भरभराटल्या. ज्या मजुरांसाठी मॅकग्रेगर यांनी ही व्यवस्था केली, त्यांच्या बापांचे हात आमच्या काळ्या मातीच्या कापसास लागलेले होते.

8 सप्टेंबर 1888 रोजी लीगचे सामने सुरू झाले. प्रत्येक क्लबाच्या वाट्यास 22 सामने आले. प्रेस्टनचा संघ एकही सामना न हरता पहिला आला, व्हिला दुसरा. मॅकग्रेगर यांच्या हयातीत व्हिला क्लबाने ही लीग सहा वेळा जिंकली. 1897 साली तर लीग व राष्ट्रीय चषक दोन्ही एकाच हंगामात मिळविले. लीगचे पहिले अध्यक्ष मॅकग्रेगर हेच झाले. पुढे देशोदेशी हीच पद्धत उचलली गेली.

मात्र एक गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. जो क्लब शास्त्रवर्गातून निघाला तो काही वर्षांतच मंदिरापासून दूर गेला. पैसा वाढला, पैजा लागू लागल्या. 1992 साली मोठ्या क्लबांनी अधिक पैशासाठी जुनी लीग सोडून नवी काढली, आणि त्यांत व्हिलाही होता. त्या पहिल्या वर्गातील किती तरुण पुढे उपासनेस येत राहिले, हा विचार आमच्या मनास टोचतो. मॅकग्रेगर यांनी स्वतः मात्र दुकान, क्लब व मंदिर यांपैकी एकासाठी दुसरे सोडले नाही. शनिवारी हजारो लोक ज्यांस ओळखत, ते रविवारी आपल्या नेहमीच्या मंडळीत इतरांबरोबर उपासनेस बसत.

1908 साली त्यांची पत्नी वारली. 20 डिसेंबर 1911 रोजी, नाताळास पाच दिवस उरले असता, मॅकग्रेगर यांनी बर्मिंगहॅम येथे देह ठेवला. 2009 साली व्हिलाच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांची कबर हँड्सवर्थ येथे पत्नीच्या शेजारी आहे.